बायॉसमध्ये १.३५, स्क्रीनवर १.२५: प्रोसेसरला नक्की किती व्होल्टेज मिळतं?

ओव्हरक्लॉकिंग करायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या तासाभरात पडणारा एक प्रश्न आज घेऊया. बायॉसमध्ये आपण प्रोसेसरच्या कोअरचं व्होल्टेज १.३५ व्होल्ट टाकतो. विंडोज सुरू होतं. एचडब्ल्यूइन्फो उघडलं की ‘व्हीकोअर’च्या ओळीत १.३४ दिसतं आणि ‘व्हीआयडी’ नावाच्या ओळीत भलतंच काहीतरी. मग एखादं जड काम लावलं की व्हीकोअर घसरून १.२५ वर येतं. माणूस गोंधळतो. मी तर १.३५ दिले होते, मधले १०० मिलीव्होल्ट गेले कुठे? मदरबोर्ड खराब निघाला की काय?

मदरबोर्ड बहुतेक वेळा धडधाकट असतो. घोळ आपल्या समजुतीत असतो, कारण ‘प्रोसेसरचं व्होल्टेज’ हा एकच आकडा आहे असं आपण धरून चालतो. माझं पीएचडीचं काम चिपपर्यंत आणि चिपच्या आत वीज कशी पोचते, याच्या आसपासचं आहे. त्यामुळे मित्रमंडळींकडून हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. एकदाच सविस्तर उत्तर लिहून ठेवतो.

थोडक्यात उत्तर असं: बायॉसमधला आकडा ही मागणी आहे. सॉफ्टवेअरमधला आकडा म्हणजे वाटेतल्या कुठल्यातरी एका जागेचं, अधूनमधून घेतलेलं माप आहे. आणि प्रोसेसर नीट चालेल की नाही हे ज्या आकड्यावर ठरतं, तो आपल्याला बहुधा दिसतच नाही. आता हे एकेक करून सोडवूया.

व्होल्टेज वाढवायचंच कशाला?

प्रोसेसरमधला ट्रान्झिस्टर म्हणजे एक बटण. ते दाबलं की पुढच्या तारेत विद्युतभार भरला जातो किंवा तिच्यातून काढून घेतला जातो. व्होल्टेज जास्त असेल तर ही भरणी लवकर होते, कमी असेल तर रेंगाळते. ५ गिगाहर्ट्झला घड्याळाचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात एकामागे एक लावलेल्या अनेक बटणांच्या साखळीतून सिग्नल पार होऊन शेवटच्या टोकाला स्थिर व्हायला हवा. तो पोचायच्या आत पुढचा ठोका पडला, तर प्रोसेसर अर्धवट उत्तरच खरं मानून पुढे जातो.

‘सिस्टीम अनस्टेबल झाली’ म्हणतात तेव्हा आत साधारण हेच घडलेलं असतं. निळा पडदा, गेम बंद पडणं, मशीन आपोआप रीस्टार्ट होणं, ही सगळी त्याची नंतरची लक्षणं.

मग व्होल्टेज भरपूर वाढवून ठेवलं तर? बिल येतं. प्रोसेसर जी वीज खातो तिचा मोठा भाग व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रीक्वेन्सीच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज १.२० वरून १.३२ केलं, म्हणजे १० टक्के वाढवलं, तर वर्ग १.२१ पट होतो. सोबत फ्रीक्वेन्सी ५ टक्के वाढवली असेल तर वीज झाली जवळपास १.२७ पट. म्हणजे ५ टक्के वेगासाठी २७ टक्के जास्त उष्णता. शिवाय चिप तापली की बंद ट्रान्झिस्टरमधूनही जास्त करंट गळतो, तो वेगळाच.

कमी व्होल्टेज, अफाट करंट

१९९३ सालचा पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चालायचा. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेला नियम असा होता की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवत गेलं, तर चौरस मिलिमीटरमागे लागणारी वीज वाढत नाही. साधारण २००५ पर्यंत उद्योगाने हा नियम पाळला. मग व्होल्टेज १ व्होल्टच्या आसपास येऊन अडकलं, कारण त्याखाली गळती आवरेना.

याचा परिणाम काय झाला बघा. आजचा एखादा मोठा डेस्कटॉप प्रोसेसर जड कामात २०० वॉट घेतो असं धरा. १.२ व्होल्टला २०० वॉट म्हणजे जवळपास १६७ अँपिअर. तुलनेसाठी, घरातला २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ९ अँपिअर घेतो. वीज गिझरच्या एक दशांश, पण करंट अठरापट! आणि हा सगळा करंट मदरबोर्डच्या तांब्यातून, सॉकेटच्या पिनांमधून आणि चिपखालच्या बारीक जोडण्यांमधून जायचा असतो. १६७ अँपिअर वाहत असताना वाटेत फक्त १ मिलीओहम, म्हणजे ओहमचा हजारावा भाग, एवढा रोध असला तरी १६७ मिलीव्होल्ट वाटेतच संपतात. ओव्हरक्लॉकिंग करताना आपण १०-१० मिलीव्होल्टसाठी भांडत असतो, हे लक्षात घेतलं की प्रकरण किती नाजूक आहे ते कळतं.

डीपीजवळचं घर आणि लाइनच्या टोकाचं घर

खेडेगावात राहिलेल्या लोकांना पुढचा भाग आधीच माहीत आहे. डीपीपासून लांब, लाइनच्या टोकाला घर असेल तर शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातला बल्ब पिवळा पडतो. डीपीवर व्होल्टेज ठीकच असतं, पण मोटारींचा करंट त्याच तारेतून जात असल्यामुळे टोकापर्यंत पोचेस्तोवर ते उतरतं. मोटारी एकदम बंद झाल्या की तोच बल्ब लख्ख होतो.

प्रोसेसरच्या बाबतीत डीपी म्हणजे मदरबोर्डवरचं ‘व्हीआरएम’. सॉकेटच्या बाजूला ओळीने बसवलेले चौकोनी ठोकळे, म्हणजे कॉइल, आणि त्यांच्यावरचे हीटसिंक तुम्ही पाहिले असतील. एसएमपीएसकडून आलेले १२ व्होल्ट उतरवून तिथे १.२-१.३ व्होल्ट तयार होतात. (जाता जाता: ‘घरचं व्होल्टेज खालीवर होतं, म्हणून ओव्हरक्लॉक टिकत नसेल का?’ असं बरेच जण विचारतात. बऱ्या एसएमपीएसला भिंतीवरच्या १०-२० व्होल्टच्या चढउतारांचं काही वाटत नाही, आणि त्यानंतर व्हीआरएम पुन्हा स्वतः नियमन करतं. कारण तिथे शोधू नका.)

आता खरी गंमत. व्हीआरएमला मनात आणलं तर टोकाचं व्होल्टेज मोजून तो उतार भरून काढता येतो. तरीही इंटेल आणि एएमडी मुद्दाम असं ठरवतात की करंट वाढेल तसं व्होल्टेज एका ठरावीक उतारावरून खाली येऊ द्यायचं. या उताराला ‘लोड-लाइन’ म्हणतात. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या मोठ्या डेस्कटॉप प्रोसेसरसाठी त्याची कमाल मर्यादा १.१ मिलीओहम आहे. हिशेब सोपा आहे:

मागणी १.३५ व्होल्ट. रिकामं बसलेलं असताना करंट १० अँपिअर धरला तर उतार ११ मिलीव्होल्ट, म्हणजे चिपला मिळाले १.३३९. जड कामात करंट १५० अँपिअर झाला तर उतार १६५ मिलीव्होल्ट, म्हणजे मिळाले १.१८५.

सुरुवातीच्या प्रश्नातले मिलीव्होल्ट इथे गेले. ते चोरीला गेलेले नाहीत, ठरवून सोडलेले आहेत.

मुद्दाम उतार ठेवायचा कशासाठी?

कारण प्रोसेसरचा करंट एकसारखा नसतो. काही नॅनोसेकंदांत तो कित्येक अँपिअरने वर-खाली होतो. काम अचानक थांबलं की व्हीआरएमच्या कॉइलमधून वाहणारा करंट तत्क्षणी थांबत नाही. तो येतच राहतो, पण घेणारा कोणी नसतो, म्हणून व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं. मोटारी बंद झाल्यावर बल्ब लख्ख होतो तसंच.

जड कामात व्होल्टेज आधीच खाली, १.१८५ वर असेल, तर उसळी मारूनही ते १.३४ च्या आसपास थांबेल. पण उतार काढून टाकून ते जड कामातही १.३५ वरच धरून ठेवलं असेल, तर उसळी १.३५ च्या वर जाईल, म्हणजे तुम्ही न मागितलेल्या प्रदेशात. याच्या उलट, काम एकदम सुरू झालं की क्षणभर खड्डा पडतो. लोड-लाइन असेल तर हा खड्डा आणि नंतरची स्थिर पातळी जवळजवळ असतात. सपाट ठेवलं तर व्होल्टेज खड्ड्यात जातं, व्हीआरएम ते ओढून वर आणतं आणि त्या ओढाताणीत ते आणखी हेलकावे खातं.

बायॉसमधलं ‘लोड-लाइन कॅलिब्रेशन’, म्हणजे एलएलसी, हे सेटिंग हाच उतार कमी-जास्त करतं. नावांवर मात्र विसंबू नका. आसूसच्या बोर्डांवर आकडा मोठा तितकी रेषा सपाट, एमएसआयच्या बोर्डांवर १ म्हणजे सगळ्यात सपाट. मित्राचा ‘लेव्हल’ आकडा आपल्या बोर्डावर जसाच्या तसा टाकण्याआधी आपल्या बोर्डाचं मॅन्युअल किंवा बायॉसमधला आलेख बघा.

वरच्याच उदाहरणात एलएलसी वाढवून उतार ०.३ मिलीओहम केला, तर १५० अँपिअरला व्होल्टेज १.३०५ राहील. म्हणजे मागणीचा आकडा न बदलता आपण जड कामातलं व्होल्टेज १.१८५ वरून १.३०५ वर नेलं. वर्गाच्या हिशेबाने तेवढ्याने वीज २१ टक्के वाढली. आणि वीज वाढली की करंट वाढतो, तापमान वाढतं, पुन्हा गळती वाढते. ‘मी व्होल्टेजला हात लावला नाही, फक्त एलएलसी बदलला, तरी तापमान इतकं कसं वाढलं?’ याचं उत्तर हे.

व्हीआयडी म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक चिपमध्ये कारखान्यातच एक तक्ता पक्का केलेला असतो: अमुक फ्रीक्वेन्सीला मला अमुक व्होल्टेज लागेल. एकाच मॉडेलच्या दोन चिपांचे तक्ते वेगळे असू शकतात, म्हणून मित्राचं सेटिंग आपल्याला चालेलच असं नाही. या तक्त्यावरून प्रोसेसर व्हीआरएमला जी मागणी पाठवतो ती व्हीआयडी. हॉटेलात वेटरला सांगितलेली ऑर्डर म्हणा. ताटात काय आलं ते वेगळं.

बायॉसमध्ये या मागणीशी खेळायचे मुख्य मार्ग तीन. ‘फिक्स्ड’ किंवा ‘ओव्हरराइड’मध्ये आपण तक्ता बाजूला सारून एकच आकडा देतो. ‘ऑफसेट’मध्ये तक्त्यातल्या प्रत्येक आकड्यात थोडं मिळवतो किंवा वजा करतो. ‘अडॅप्टिव्ह’मध्ये खालच्या फ्रीक्वेन्सींना तक्ता तसाच राहतो आणि टर्बोच्या वरच्या टोकाला आपला आकडा लागू होतो. रोजच्या वापराला शेवटचे दोन बरे, कारण काम नसताना व्होल्टेज खाली येतं.

इंटेलवर आणखी दोन सेटिंगं सापडतील: ‘एसी लोड-लाइन’ आणि ‘डीसी लोड-लाइन’. वाटेत किती व्होल्टेज पडेल याचा अंदाज घेऊन प्रोसेसर आपली मागणी आधीच किती वाढवून पाठवेल, हे एसीवर ठरतं. डीसीचा आकडा हिशेबासाठी असतो. त्यावरून प्रोसेसर स्वतःला मिळणारं व्होल्टेज आणि आपण खात असलेली वीज यांचा अंदाज बांधतो. डीसीचा आकडा प्रत्यक्ष एलएलसीशी जुळत नसेल, तर सॉफ्टवेअरमधली व्हीआयडीची ओळ आणि ‘पॅकेज पॉवर’ची ओळ दोन्ही चुकतात. जुळत असेल तर जड कामात व्हीआयडी आणि व्हीकोअर जवळजवळ येतात. ही एक सोपी तपासणी आहे, करून बघा.

मोजतंय कोण आणि कुठे?

आता व्हीकोअरच्या ओळीकडे वळू. हा आकडा अनेक बोर्डांवर ‘सुपर आयओ’ नावाची एक साधी चिप देते. पंख्यांचा वेग, तापमानं वगैरे सांगणारी हीच. तिच्या मापात दोन अडचणी असतात.

पहिली, तिच्या मोजपट्टीवरच्या खुणा जाड असतात. ८ किंवा १६ मिलीव्होल्टच्या पायऱ्यांनीच आकडा हलतो. म्हणून १.२४८ वरून एकदम १.२६४ वर उडी दिसली तर काही बिघडलेलं नाही.

दुसरी अडचण मोठी. तिची तार कुठे जोडली आहे? बऱ्याच बोर्डांवर ती सॉकेटच्या आसपास जोडलेली असते. तिथून खऱ्या चिपपर्यंत पिना आणि पॅकेजमधला रोध शिल्लक असतो. तेवढाच करंट परतीच्या वाटेनेही, म्हणजे ग्राउंडमधूनही येतो, आणि तिथेही व्होल्टेज पडतं. त्यामुळे जड कामात सॉकेटजवळचा आकडा चिपला मिळणाऱ्या व्होल्टेजपेक्षा कित्येक दहा मिलीव्होल्टने जास्त असू शकतो. काही बोर्डांवर चिपच्याच आतून आणलेल्या दोन तारांवर मोजतात. त्याला ‘डाय सेन्स’ म्हणतात आणि तो आकडा जास्त भरवशाचा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘व्हीआर व्हीआउट’ अशी ओळ दिसत असेल, किंवा रायझनवर ‘एसव्हीआय२ टीएफएन’ वा ‘एसव्हीआय३ टीएफएन’ असं लिहिलेली ओळ असेल, तर ते व्हीआरएमच्या नियंत्रकाचं स्वतःचं माप आहे. ते उपलब्ध असेल तर तेच बघा.

म्हणूनच ‘माझा प्रोसेसर जड कामात १.२० वर चालतो, तुझा १.२६ का मागतो?’ अशा तुलनेत फारसा अर्थ नसतो. एकाचं माप सॉकेटजवळचं, दुसऱ्याचं चिपच्या आतलं. दोघंही खरं बोलत असतात.

जे दिसत नाही ते

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. सॉफ्टवेअर साधारण दर १ ते २ सेकंदांनी एक आकडा घेतं. ५ गिगाहर्ट्झला २ सेकंदांत घड्याळाचे १,००० कोटी ठोके पडतात. करंटच्या अचानक बदलामुळे पडणारे खड्डे नॅनोसेकंदांत येतात आणि जातात. चिपजवळचे कपॅसिटर आणि पॅकेजच्या जोडण्या यांच्यात झोक्यासारखी आंदोलनं होतात, काही फार जलद, काही संथ. हे बघायला प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप लागतो, आणि त्याची प्रोब नीट लावणं हीच एक कला आहे.

वर म्हटलेली सिग्नलची चूक व्हायला एक खड्डा, एक ठोका पुरेसा असतो. म्हणजे स्क्रीनवर सरासरी १.२५ दिसत असताना एखाद्या क्षणी चिपला त्याहून बरंच कमी मिळालेलं असू शकतं. कारखान्यातला तक्ता बनवताना याच क्षणांसाठी वर थोडी राखीव जागा ठेवलेली असते. संशोधनात तिला ‘गार्डबँड’ म्हणतात. ओव्हरक्लॉकिंग किंवा अंडरव्होल्टिंग म्हणजे खरं तर ही राखीव जागा खाणं. वेग फुकट मिळत नाही, तो इथून मिळतो.

रायझनमध्ये एक युक्ती आहे: खड्डा जाणवला की चिप स्वतःच ठोका थोडा लांबवते. त्यामुळे जास्त अंडरव्होल्ट केलं तर मशीन बंद पडत नाही आणि फ्रीक्वेन्सीही तेवढीच दिसते, पण बेंचमार्कचा स्कोअर घसरतो. अशा वेळी एचडब्ल्यूइन्फोमधली ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ची ओळ बघायची. फ्रीक्वेन्सीचा आकडाही कधीकधी नुसती मागणीच असतो!

‘सुरक्षित’ व्होल्टेज किती?

याला एका आकड्यात उत्तर नाही. रायझन ३००० किंवा ५००० मालिकेतला प्रोसेसर हलक्या कामात एखाद्या कोअरसाठी आपण होऊन १.४५-१.५ व्होल्टपर्यंत जातो. ते त्याच्या आखणीत बसतं, कारण त्या वेळी करंट थोडा आणि वेळ क्षणभर असते. तेच १.४५ तुम्ही फिक्स्ड टाकून सगळे कोअर तासन्‌तास राबवले, तर गोष्ट अगदी वेगळी. आकडा तोच, पण करंट आणि तापमान वेगळं.

झीज होते ती कशी? १९६९ मध्ये मोटोरोलाच्या जेम्स ब्लॅक यांनी धातूच्या बारीक तारांच्या आयुष्याचं समीकरण मांडलं. करंटची घनता वाढली की इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने धातूचे अणू हळूहळू सरकतात, आणि तापमान वाढलं की हे फार झपाट्याने वाढतं. जास्त व्होल्टेजने ट्रान्झिस्टरमधला रोधक थरही थकतो. परिणाम एकदम दिसत नाही. काल ज्या फ्रीक्वेन्सीला १.२५ पुरत होते तिला सहा महिन्यांनी १.२८ लागायला लागतात. थकलेली चिप पुन्हा ताजी होत नाही.

हे फक्त ओव्हरक्लॉक करणाऱ्यांनाच होतं असंही नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर अनेकांकडे कारखान्याच्याच सेटिंगवर बंद पडू लागले. जुलैमध्ये इंटेलने जाहीर केलं की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये आलेल्या ०एक्स१२९ मायक्रोकोडने १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली. सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आलं, त्याने रिकाम्या आणि हलक्या कामाच्या वेळची वाढीव मागणी आवरली. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेल्या चिपा अपडेटने दुरुस्त होत नाहीत, हेही इंटेलनेच सांगितलं.

इथे लोड-लाइन आठवा. हलक्या कामात करंट कमी, म्हणून उतार जवळपास नाही, म्हणून मागितलेलं पूर्ण व्होल्टेज चिपला मिळतं. आपण मात्र स्ट्रेस टेस्ट चालू असतानाचा आकडा बघून निर्धास्त होतो.

दुसरं उदाहरण २०२३ चं. एएमडीच्या रायझन ७०००एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर जळाले. त्यानंतर बायॉस अपडेटने ‘एसओसी व्होल्टेज’वर १.३ व्होल्टची मर्यादा आली. हे कोअरचं व्होल्टेज नव्हेच. मेमरीचं एक्स्पो प्रोफाइल चालू केलं की काही बोर्ड ते आपोआप वाढवत असत. म्हणजे आपण रॅमला हात लावतो आणि प्रोसेसरचं दुसरंच व्होल्टेज वर जातं.

बंद न पडणारी चूक

गेम बंद पडला तर वैताग येतो, एवढंच. पण माझ्यासारखे लोक डेस्कटॉपवर तीन-तीन आठवडे सिम्युलेशन चालवतात. तिथे भीती वेगळी असते: मशीन बंद न पडता चुकीचं उत्तर देईल ही.

हे नुसतं घाबरवणं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्यूव्हेन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाचा हल्ला जाहीर केला. सॉफ्टवेअरमधूनच इंटेल प्रोसेसरचं व्होल्टेज नेमकं थोडं उतरवायचं. मशीन चालू राहतं, पण काही गुणाकार चुकतात. त्या चुकांवरून त्यांनी प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातल्या गुप्त किल्ल्या काढून दाखवल्या. अनेक लॅपटॉपवर अंडरव्होल्टिंग नंतर बंद झालं, त्याचं मूळ इथे आहे.

२०२१ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी एका सदोष प्रोसेसरची हकिकत प्रसिद्ध केली. १.१ चा ५३वा घात काढून पूर्णांक घेतला तर १५६ यायला हवेत. त्या चिपच्या एका कोअरवर उत्तर येत होतं ०. इतर काही गणितं मात्र बरोबर येत. तिथे कोणी ओव्हरक्लॉक केलं नव्हतं, चिपच सदोष होती. पण चूक किती शांतपणे होऊ शकते ते यातून कळतं. राखीव जागा खाऊन आपण तीच शक्यता स्वतःहून घरी आणतो.

मग करायचं काय?

१. आधी बायॉस अपडेट करा. मग काहीही न बदलता मूळ वागणूक टिपून ठेवा: रिकामं असताना, एका कोअरच्या हलक्या कामात, आणि सगळ्या कोअरच्या जड कामात. व्होल्टेज, तापमान, वॉट, तिन्ही.

२. आपल्या बोर्डावर चिपच्या सगळ्यात जवळचं माप कोणत्या ओळीत येतं ते शोधा आणि पुढे तीच ओळ बघा. तुलना स्वतःच्याच आधीच्या आकड्यांशी करा.

३. एलएलसी मधल्या पातळीवर ठेवा. सगळ्यात सपाट पातळी रोजच्या वापरासाठी नाही. उतार दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही.

४. लक्ष्य ठरवताना ‘जड कामात चिपला किती मिळतं’ यावर ठरवा, आणि कमाल आकडा मात्र हलक्या कामात तपासा. दोन्ही टोकं बघितल्याशिवाय सेटिंग पक्कं नाही.

५. एका वेळी एकच गोष्ट बदला.

६. चाचणीसाठी स्वतःचं उत्तर स्वतः तपासणारे प्रोग्रॅम घ्या, उदाहरणार्थ प्राइम९५ किंवा वाय-क्रंचर. ‘बंद पडलं नाही’ ही परीक्षा पुरेशी नाही, ‘उत्तर बरोबर आलं’ ही खरी परीक्षा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचइए’ नावाच्या नोंदी येत असतील, तर मशीन चालू असलं तरी तो इशारा समजा.

७. काम सुरू-बंद, सुरू-बंद होईल अशीही चाचणी घ्या. खड्डे आणि उसळ्या बदलाच्या वेळी येतात, सलग जड कामात तेवढ्या नाही.

८. पुण्याच्या डिसेंबरात पास झालेलं सेटिंग नागपूरच्या मे महिन्यात पुन्हा तपासा. खोलीचं तापमान १५-२० अंशांनी वाढलं की चिपचंही साधारण तेवढंच वाढतं.

९. प्रबंधाची गणितं, हिशेबाची कामं, घरच्या फोटोंचा बॅकअप: हे ज्या मशीनवर होतं तिथे मूळ सेटिंग ठेवा, किंवा चाचणी पास झाल्यावर २०-३० मिलीव्होल्ट परत देऊन टाका. दोन-तीन टक्के वेग गेल्याचं कळणारही नाही.

शेवटच्या मुद्द्यावर अनेक जण नाराज होतात, कारण ओव्हरक्लॉकिंगची मजाच शेवटचे मिलीव्होल्ट वाचवण्यात असते. मजा जरूर करा. गेमिंगच्या मशीनवर करा, जुन्या चिपवर करा, भरपूर शिकायला मिळतं. फक्त स्क्रीनवरचा आकडा ओलांडला नाही म्हणून चिप सुखात आहे, असं धरून चालू नका. डीपीवर मीटर लावून टोकाच्या घरातल्या बल्बबद्दल बोलता येत नाही.